राखून ठेवलेलं नाव

अक्काची खोली भाड्यानं घेताना मला काही गोष्टी बजावण्यात आल्या. कणगी जागची हलवायची नाही. भिंतीतल्या मधल्या खुंटीला काही अडकवायचं नाही आणि तिथं जो पटका टांगलाय त्याला हात लावायचा नाही. अंगणातल्या दावणीतून चालायचं नाही, वळसा घालून जायचं. आणि दारातल्या रांजणावर बसायचं नाही. हे शेवटचं ऐकून मी भडकलेच. रांजणावर कोण बसतं?

"बसतेत की," अक्का म्हणाली. "आदीची भाडेकरीन बसायची."

दुसरीकडं जावं म्हटलं तर घरं कुठं होती? लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. कचेऱ्यांवरच्या पाट्यांचा रंग अजून वाळला नव्हता आणि साहेबापासून शिपायापर्यंत सगळे खोल्या शोधत फिरत होते. माझ्या नवऱ्याची बदली नव्या कलेक्टर कचेरीत झाली आणि लग्नाला वर्षही झालं नसताना मी नांदेडहून दोन ट्रंका आणि एक स्टोव्ह घेऊन तिथं आले. घर गावाच्या पार कडेला, माळवदाचं, दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत अक्का, बाहेरच्या खोलीत आम्ही. आमची निम्मी खोली त्या कणगीनं अडवलेली, आणि कणगीत दाणा नाही. दावणही तशीच, नुसते खुंटे आणि त्यांना बांधलेला दोर. जनावर नसलेल्या दावणीला वळसा घालून न्हाणीकडं जाताना मला रोज वाटायचं, आपण एका वेड्या बाईच्या घरात येऊन पडलोय.

अक्का उंच, काळी, हाडापेरानं दणकट. कपाळावर विभूतीचे पट्टे आणि त्याखाली रुपयाएवढं कुंकू. गळ्यात मंगळसूत्र आणि चांदीच्या डबीतलं लिंग. दोन्ही एकमेकांवर वाजायची, त्यामुळं ती घरात कुठं आहे ते न बघता कळायचं. आवाज असा फाटका की साधं "चहा घेती का?" विचारलं तरी भांडण काढलंय असं वाटावं. मी सुरुवातीला तिला अहो-जाहो करत होते. तिनं ते दोन दिवस ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "मला तुमी म्हनू नगो. मी काय तहसीलदार हाय का?" तेव्हापासून अक्का आणि तू.

नवऱ्याला मात्र मी नावानं हाक मारते हे तिला शेवटपर्यंत पचलं नाही. नांदेडला कॉलेजात शिकलेली मुलगी मी, आम्ही एका वर्गात होतो, मग काय 'अहो, ऐकलं का' करत बसू? पहिल्यांदा मी त्याला अंगणातून हाक मारली तेव्हा अक्काच्या हातातलं सूप थांबलं.

"पोरी, नाव म्हंजी काय बादली हाय का, कुटंबी आपटायला?"

"मग काय करायचं नावाचं?"

"जपायचं. मांडवात, धा बायांत, नीट सजवून काढायचं. बाकीच्या वक्ताला कशाला लागतंय?"

या बाबतीत तिचा अधिकार मोठा होता. लगीनसराई आली की लातूरच्या अर्ध्या नवऱ्या मुली अक्काकडं नाव शिकायला यायच्या. बाजारात छापील उखाण्यांची पुस्तकं मिळत होती, पण अक्काला त्यांचा तिटकारा. "ते गटुळं सगळ्या जगाचं हाय, त्यात तुजा नवरा कुटं हाय?" असं म्हणायची. पोरगा काय करतो, त्याच्या घरी म्हैस आहे का, सासू बोलकी आहे की घुमी, हे सगळं ती मुलीच्या आईकडून काढून घ्यायची आणि जात्यावरून उठेपर्यंत नाव तयार. लांबच्या लांब, ओळीला ओळ जोडलेलं. अक्काला अक्षर येत नव्हतं, त्यामुळं लिहून घ्यायचा प्रश्नच नाही. पाठ करून घ्यायची तिची रीत वेगळी होती. ती मुलीचा हात धरून तिला घरभर फिरवायची. दाराशी उभी करून चौकटीला हात लावायला सांगायची आणि पहिली ओळ म्हणून घ्यायची. मग रांजणाशी दुसरी. मग कणगीशी, म्हणजे सरळ आमच्या खोलीत. मी भात वैरत असायचे आणि माझ्यामागून एखादी नवरी मुलगी कणगीवर हात ठेवून सासऱ्याच्या शेतातल्या उसाचं वर्णन करत असायची.

"मांडवात लई मानसं असतेत, डोळ्याम्होरं अंदारी येते," अक्का तिला सांगायची. "आडली की मानसाकडं बगू नगो. हे घर आठव. पाय घरात ठिव, तोंड आपसूक चालतंय."

आणि चालायचं. गंजातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, एका अडत्याच्या मुलीचं लग्न मला आठवतं. मधेच तिची दातखीळ बसली. मग त्या मुलीनं भर मांडवात रांजणावरचं झाकण उचलल्यासारखा हात वर केला आणि पुढची ओळ धडाधडा म्हणून टाकली. वरपक्षाला काही कळेना. माझ्याशेजारी बसलेली अक्का मात्र खूष होऊन पदरानं तोंड दाबून हसत होती.

अक्काचं स्वतःचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते गल्लीतल्याच एका हळदीला. आधी बायकांनी आपापली घेतली, दोन-दोन ओळींची, हसत, ढकलाढकली करत. मग कुणीतरी म्हणालं, "आता अक्का," आणि एकदम शांत झालं. अक्का उठली. डोळे मिटले. तो फाटका आवाज कुठं गेला कोण जाणे.

दारात बेल, बेलाला पार,
पारापाशी रांजण, पानी गारगार.
अंगनात दावन, दावनीला जोडी,
जोडीच्या घुंगरानं जागी व्हते वाडी.
घरात कनगी, कनगीत जवारी,
जेवायला बसली भावकी सारी.
भिंतीला खुंटी, खुंटीला पटका,
पटक्याच्या मालकाला उनाचा न्हाई चटका.
देवळीत दिवा, दिव्याला वात,
वात सारता सारता सरली रात.
उंबऱ्यात उभी ऱ्हाऊन वाट बगते ज्यांची,
आयका बायांनो, अस्तुरी मी...

आणि मग नाव, शेवटी 'अप्पांची' असं येणारं. ते मी इथं लिहीत नाही. ते नाव घेणारी बाई एकच होती आणि तिनं ते किती जपलं हे मी पाहिलंय. मधे मधे आणखी कितीतरी ओळी होत्या, उखळ, मुसळ, शिंकं, चूल, सगळं घर त्यात होतं. मला तेव्हा एवढंच कळलं की नावातली दावणीची ओळ मोडू नये म्हणून आम्ही वळसा घालत होतो.

हे पुढं एकदा स्पष्टच झालं. माझ्या नवऱ्यानं उंदराच्या मागं लागून कणगी हातभर सरकवली. संध्याकाळी अक्का आली, खोलीच्या मध्यभागी उभी राहिली आणि ओठातल्या ओठात पुटपुटू लागली. दावणीपर्यंत गेली आणि अडकली. पुन्हा दारापासून सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडकली. आम्हाला वाटलं आता शिव्या बसणार. ती रडवेली होऊन म्हणाली, "लेकरांनो, घर मोडू नगा रं. माज्याकडं दुसरं काय हाय?" तिघांनी मिळून कणगी पुन्हा जागेवर नेली. जमिनीवरच्या गोल डागावर ती बरोबर बसेपर्यंत तिनं आम्हाला सोडलं नाही.

तिचा नवरा दुष्काळात गेला. 'गेला' म्हणजे निघून गेला. हे मला आधी शेजारणींकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं, आणि मग एकदा तुरी निवडताना अक्कानंच सांगितलं.

चाकूरकडचं त्यांचं गाव. थोरल्या भावानं, म्हणजे अक्काच्या नवऱ्यानं, शेत धाकट्यावर सोपवून लातुरात बैलगाडी घातली होती. गंजात पोती वाहायची. बैलजोडीवर त्याचा जीव. दुष्काळ पडला तेव्हा गंजात माल येईना, पोती कुठली वाहणार? अक्का खडी फोडायला जात होती, दुष्काळी कामावरची सुकडी आणि परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीची लाल भाकरी खाऊन दोघं दिवस काढत होती. पण बैलांना काय घालणार? तेलंगणात, निजामाबादकडं, भाताचं पिंजार मिळतंय अशी बातमी आली आणि गल्लीतले पाच-सात जण आपापली जनावरं घेऊन चालत तिकडं निघाले. तोही निघाला. चांगला पटका प्रवासात धुळीनं खराब होईल म्हणून खुंटीला लावून ठेवला आणि डोक्याला टॉवेल गुंडाळला.

"मी खडीवरनं आले व्हते," अक्का म्हणाली. "हाताला फोड. हे दारात उबे, बैलाचे कासरे धरून. बाकीची मानसं रस्त्यावर थांबलेली. मला म्हनले, एकदा नाव घे की, मांडवात घेतलंतीस तसं. आयकतो न् निगतो."

"मग?"

"मला आला राग. पोटात अन्न न्हाई, मानसं बगायलेत, आन् ह्यांना नाव सुचतंय. म्हनलं, आल्यावर घेते. जावा आता."

तो हसला म्हणे. "बग बरं, चांगलं लांब घ्यावं लागंल," असं म्हणून गेला.

पाऊस पडल्यावर बाकीचे परत आले. त्यांनी सांगितलं की नदी ओलांडल्यावर त्याचा एक बैल बसला तो उठेना. तो म्हणाला, तुम्ही व्हा पुढं, हा उठला की येतो. त्यानंतर कुणालाच तो दिसला नाही. धाकटा भाऊ दोनदा तिकडं जाऊन गावोगाव विचारून आला. ना माणूस सापडला, ना बैल.

"मग म्या नाव रचायला घेतलं," अक्का तुरी पाखडत म्हणाली. "चांगलं लांब. धा मानसांत घेत ऱ्हाते म्हंजी जिबंवर ऱ्हातंय. त्ये आले न् मी अडखळले तर?"

मी उगाच खडे निवडत राहिले.

नवा जिल्हा झाल्यामुळं रेशन कार्डंही नव्यानं होऊ लागली. अक्काला घेऊन मी रांगेत उभी होते. खिडकीतला कारकून तरुण होता, घामाघूम झालेला. त्यानं मान वर न करता विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

अक्कानं माझ्याकडं पाहिलं. मी मदत करावी म्हणून तोंड उघडलं, तर तिनं माझ्या दंडाला सणसणीत चिमटा काढला. "तू कशाला घेती? तुजा हाय का?"

"आजी, लवकर," कारकून म्हणाला. "मागं रांग आहे."

"मग आयका," अक्का म्हणाली, आणि खिडकीच्या गजाला हात लावून तिनं दारातल्या बेलापासून सुरुवात केली. कारकुनानं पेन वर धरलं ते वरच राहिलं. रांग वाकडी होऊन पुढं आली. कणगी, खुंटी, देवळी, सगळं यथासांग झालं आणि शेवटी नाव आलं. मागची एक म्हातारी म्हणाली, "काय घेतलंय गं बाई!" कारकुनानं नाव लिहिलं. मग जरा अडखळत, पण नियमच होता म्हणून, विचारलं, "हयात की मयत?"

मी जमिनीकडं बघत होते. वर बघायचा मला धीर नव्हता.

"लिवा हयात," अक्का म्हणाली. "कुटं हाय ते इचारू नगा."

त्यानं तसं लिहिलं. भला माणूस होता.

पण तो प्रश्न खिडकीपाशी थांबला नाही. त्याच उन्हाळ्यात धाकटा दीर चाकूरहून आला. साधा, रापलेला शेतकरी. आल्यावर पहिल्यांदा त्यानं खुंटीवरच्या पटक्याला हात जोडले आणि मग अक्कासमोर, पण तिच्याकडं न बघता, बसला.

"वैनी, एक तप झालं."

"मला काय मोजता येत न्हाई व्हय?"

"पोरीचं लगीन ठरलंय. मुखेडकडली सोयरीक. त्येंची मानसं इचारायलेत, चुलती सवाशीन म्हनून बसनार का कशी? मी काय सांगू?"

"सांगा, सवाशीन हाय."

"कशावरनं सांगू?"

"मेले म्हनता ते तरी कशावरनं?"

मी आतबाहेर करत होते, चहा ठेवला तो कुणी घेतला नाही. मग तो म्हणाला, "स्वामी म्हनतेत, त्येंच्या आंगावरचं कायतर शेतात पुरायचं, वडलांच्या शेजारी, आन् क्रिया उरकायची. वैनी, मला बी भाऊच हाय की तो. मला धड सुतक धरता येईना न् धड सन करता येईना. तप झालं मी असाच हिंडायलोय."

मला तोवर त्या माणसाचा राग येत होता. ते ऐकल्यावर येईना. दोघांचंही दुःख एकच होतं आणि दोघांची ते सोसायची रीत उलट होती. एकाला ते पुरल्याशिवाय राहवत नव्हतं आणि एकीला ते पुरलं की तिचं नाव घेणंच संपणार होतं. विधवेनं मांडवात नाव घ्यायचं नसतं. तिच्याकडं शिकायलाही कुणी येत नाही. अक्काला हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

शेवटी ठरलं ते असं. पुतणीच्या लग्नात अक्कानं सवाष्ण म्हणून बसायचं, मनासारखं नाव घ्यायचं, भावकीला काय उत्तर द्यायचं ते दीर बघेल. लग्न पार पडलं की क्रिया करायची. "एकदा समद्यांसमोर घ्या वैनी, पोटभर," तो म्हणाला. "मग मात्र मला मोकळं करा."

अक्का म्हणाली, "बरं."

त्या दिवसापासून लग्नापर्यंत तिनं नाव तोंडातून काढलं नाही. घरातून फिरताना नुसती एकेका गोष्टीला हात लावून जायची.

लग्नाला मी तिच्याबरोबर गेले. अक्षता पडल्या, जेवणं सुरू झाली, आणि बायकांचा घोळका मांडवाच्या एका अंगाला नावं घ्यायला बसला. मुखेडच्या बायका जोरात होत्या, त्यांच्यातल्या एकीनं विहिरीपासून देवळापर्यंत गाव फिरवून आणलं. मग इकडच्या बायका म्हणाल्या, आमची अक्का ऐका. अक्का मेढीला हात लावून उभी राहिली. हिरवी इरकल, भरलेला हात, कपाळाला घामानं ओघळलेलं कुंकू. तिनं सुरू केलं आणि पुरुषांच्या पंगतीतसुद्धा बोलणं थांबलं. दीर बुंदीची बादली घेऊन वाढत होता, तो तिथंच उभा राहिला. मी पुष्कळदा ऐकलेलं ते नाव, पण त्या दिवशी ती एकेक ओळ इतक्या सावकाश म्हणत होती की ते घर कधी संपू नये असं वाटत होतं.

"...उंबऱ्यात उभी ऱ्हाऊन वाट बगते ज्यांची, आयका बायांनो, अस्तुरी मी..."

आणि ती थांबली.

"आडली गं, आडली!" मुखेडच्या बायका टाळ्या पिटत हसल्या. "नवऱ्याचं नाव इसरली!" त्यांना काय माहीत? इकडची एकही बाई हसली नाही. हळूहळू त्यांचंही हसणं विरलं.

दीर पंगतीतून पुढं आला. "वैनी, घ्या की."

"न्हाई भावजी," अक्का म्हणाली. "हे शेवटचं म्हनून घ्यायचं असंल तर मी घेत न्हाई. म्या त्यास्नी सांगितलंय, आल्यावर घेते."

त्यानं बादली खाली ठेवली आणि पोरीच्या लग्नात, सगळ्या सोयऱ्यांदेखत, मेढीला टेकून तो लहान पोरासारखा रडला. अक्कानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि ती बायकांतून वाट काढत मागच्या दारानं निघून गेली.

पण शब्द दिला होता तो तिनं मोडला नाही. दीर पटका न्यायला आला तेव्हा त्याच्यानं खुंटीला हात लाववेना. अक्कानं स्वतः पटका काढला, झटकला, नीट घडी घातली आणि त्याच्या हातात दिला. त्यानंतर घरात बायका आल्या. मंगळसूत्र, बांगड्या, कुंकू, जे व्हायचं ते झालं. मी दार लावून माझ्या खोलीत बसले होते आणि मला तो आवाज अजूनही नको वाटतो. नंतर तिच्या गळ्यात एकटं लिंग राहिलं. ते कशावर वाजणार? अक्का कधी मागं येऊन उभी राहायची ते कळायचंच नाही आणि मी दचकायचे.

नाव शिकायला मुली यायच्या बंद झाल्या. एक आई मुलीला घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत आली, तिथं कुणीतरी तिला सांगितलं आणि ती परत फिरली. मी ते दारातून पाहिलं. असा संताप आला की धावत जाऊन त्या बाईचा हात धरावा, तिला विचारावं, काल शिकवलेलं चालत होतं आणि आज त्याला काय झालं? अक्का मागून म्हणाली, "जाऊ दे. तिला बी तिच्या लेकीचं भलं व्हावं वाटतंय." आणि ती अंगणात गेली. दावणीला वळसा न घालता, सरळ मधून. ते मला सगळ्यांत जास्त लागलं.

थोड्याच दिवसांनी एका दुपारी तिनं मला विचारलं, "चाकूरला येतीस का?" पांढऱ्या कपाळाची, बिनकुंकवाची बाई क्रियेच्या जागी जाते म्हटल्यावर भावकी काय म्हणेल, हे मी विचारलं नाही. आम्ही एस.टी.नं गेलो, फाट्यावर उतरलो आणि ऊन डोक्यावर घेऊन शेताकडं चालत गेलो. त्या वर्षीही पावसानं ओढ दिली होती, ढेकळं पायाला टोचत होती. बांधाच्या कडेला सासऱ्याची जुनी समाधी आणि तिच्याशेजारी हातभर लांबीरुंदीची ताजी माती. एका पटक्याला किती जागा लागते?

दीर लांब वखर हाणत होता. त्यानं आम्हाला पाहिलं. बैल थांबवले, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि तो तिथंच उभा राहिला. जवळ आला नाही.

अक्कानं पदर नीट केला, डोक्यावरून घेतला. हात लावायला तिथं ना चौकट होती, ना मेढ. तिनं डोळे मिटले.

"दारात बेल, बेलाला पार..."

माझे ओठ तिच्याबरोबर हलत होते. उखाण्यांना नाकं मुरडणारी मी, आणि मला ते सबंध पाठ झालं होतं. रांजण झाला, दावण झाली, कणगी झाली.

"भिंतीला खुंटी, खुंटीला..."

ती थांबली. मी पुढचा शब्द सांगणार होते, पण तिनं हात वर केला. डोळे उघडून ती मातीकडं बघत राहिली. "पटका तर हितं हाय," ती म्हणाली. "आता तितं काय म्हनू?"

वारा सुटला होता. वखराच्या बैलांच्या गळ्यातली घुंगरं मधूनच वाजत होती. अक्का उभी होती, ओठ हलत होते, जात्यापाशी बसून दुसऱ्यांच्या पोरींसाठी जुळवायची तशीच ती जुळवत होती. मग तिनं पुन्हा सुरू केलं.

"भिंतीला खुंटी, खुंटी आता रिती,
पटक्याच्या मालकानं पांगरली माती."

एवढ्या दोनच ओळी तिनं बदलल्या. दिवा होता तसा, वात होती तशी. उंबऱ्यातली वाट बघणारी बाईही तिनं होती तशीच उभी ठेवली. आणि मग, मांडवात अडवून धरलेलं ते नाव, सगळं, स्वच्छ, मोठ्यानं, लांब उभ्या असलेल्या दिरालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं तिनं घेतलं.

मी तोंडात पदर कोंबून रडत होते. अक्का रडली नाही. ती खाली बसली, मातीवरची दोन ढेकळं हातानं फोडून तिनं सारखी केली आणि अगदी घरातल्या आवाजात म्हणाली,

"घेतलं बगा नाव. आता चला घरला."